पातं लोहाराचं, मूठ आपल्या हाताची

खापरच्या बाजारात कोयता घ्यायला आलेला माणूस आधी पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकतो. मग धारेवरून अंगठा आडवा फिरवतो, वजन तोलतो आणि भावावर येतो. मूठ तो सगळ्यात शेवटी बघतो, बहुतेकदा बघतच नाही. पुढे हंगामात मात्र पात्याबद्दल फारशी तक्रार नसते. तक्रार असते ती तळहाताला आलेल्या फोडांची, रात्री आखडणाऱ्या बोटांची आणि ऐन तोडीत मुठीतून सुटलेल्या पात्याची. तिन्ही दुखणी मुठीची.

अक्कलकुवा तालुक्यातलं हे गाव अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या हद्दीजवळ आहे. दसरा-दिवाळी झाली की सातपुड्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बारडोली, मढी, चलथाणच्या बाजूला उतरतात, काही शहाद्याकडे जातात. तिथं नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल ठरते तीही कोयत्यावर. ज्या अवजारावर पाच-सहा महिन्यांची कमाई अवलंबून, त्याची मूठ निवडायला पंधरा मिनिटं जास्त दिली तर काही बिघडत नाही.

आपण इथं न मिटणाऱ्या पात्याची अवजारं धरली आहेत, म्हणजे ज्यांचं पातं चाकूसारखं घडी होऊन मुठीत जात नाही अशी: ऊस आणि झुडपं तोडायचा कोयता, आणि घरातली-शेतातली सुरी. मोबाइलवर हल्ली ‘शिकारीची सुरी’ म्हणून भारी दिसणाऱ्या सुऱ्या विकायला असतात, तरुण मुलं त्या मागवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा त्या नावाला आपल्याकडे काही अर्थ उरलेला नाही. पण तीही शेवटी न मिटणारी सुरीच, आणि तिची मूठ तपासायची रीत वेगळी नाही.

सुरुवात कामापासून करू. तोडणं आणि कापणं ही हाताच्या दृष्टीनं उलट कामं आहेत. कोयता फिरवून मारताना पातं पुढे ओढ घेतं आणि मूठ हातातून पुढच्या बाजूनं निसटायला बघते. म्हणून कोयत्याच्या मुठीचं मागचं टोक, करंगळीच्या मागे, थोडं फुगीर किंवा खाली वळलेलं हवं. करंगळी तिथं अडते आणि हात न आवळताही पकड राहते. सुरीनं कापताना, विशेषतः टोक खुपसताना, हात मुठीवरून पात्याकडे सरकतो. म्हणून सुरीला पुढच्या बाजूला, पातं सुरू होतं तिथं, बोट अडेल असा उंचवटा हवा. कोयत्याला मागे अडणी, सुरीला पुढे. एवढं लक्षात ठेवलं तर दुकानातली निम्मी अवजारं आपण हातात न घेताच बाजूला ठेवाल.

उन्हाळ्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आमचुरासाठी कैऱ्या सोलायचं आणि चिरायचं काम घरोघर चालतं. त्या वेळी ही पुढची अडणी नसलेली गुळगुळीत सुरी सगळ्यात धोक्याची. कैरीच्या रसानं हात ओला आणि बुळबुळीत झालेला असतो, कोय आडवी येते, हात जोर लावतो आणि तर्जनी सरळ धारेवर जाते. जखमा बहुतेक अशाच होतात. दोष धारेला दिला जातो.

आता जाडी. मूठ नेहमीसारखी पकडा, फार आवळू नका. मधल्या बोटाचं टोक अंगठ्याला जेमतेम टेकलं, किंवा किंचित वर आलं, तर माप बरोबर. बोटांची टोकं तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. अशी मूठ हातात फिरू नये म्हणून ती दिवसभर आवळून धरावी लागते, आणि रात्री बोटं आखडतात ती त्यामुळे. अंगठा आणि बोट यांत मोठी फट राहत असेल तर मूठ जाड. तिच्यावर ताबा राहत नाही आणि मनगट लवकर थकतं.

आकडे हवे असतील तर अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायोश या सरकारी संस्थेनं 2004 मध्ये हातअवजारांवर एक पुस्तिका काढली होती. जोराच्या कामासाठी मुठीचा व्यास साधारण 32 ते 51 मिलिमीटर आणि लांबी 10 ते 15 सेंटीमीटर असावी, असं त्यात सांगितलं आहे. व्यास मोजायला अवघड जातो, म्हणून दोरा गुंडाळून घेर मोजा: 10 ते 16 सेंटीमीटर. कोयत्यासाठी बहुतेक हातांना खालचा आकडाच जुळतो, 10 ते 12 च्या आसपास. सुरीला जोर कमी लागतो, ती याहून बारीक चालते.

लांबीची चूक सर्रास होते. चारही बोटं मुठीवर बसून मागे थोडी जागा उरली पाहिजे. मूठ आखूड असली की तिचं टोक तळव्याच्या मधोमध दाबतं, आणि प्रत्येक घावाला तिथंच टोचतं. तिथं घट्टा पडतो, मग घट्ट्याखाली फोड येतो. दुसरी चूक म्हणजे जोडीसाठी दोन कोयते एकाच मापाचे घेणं. बाईचा हात बहुधा लहान असतो, तरी तिला नवऱ्याच्याच हाताच्या मुठीचा कोयता मिळतो. ज्याचं अवजार त्यानं स्वतः हातात धरून बघावं. बाजारात ती सोबत आलेली नसेल तर तिच्या हाताचं माप दोऱ्यावर घेऊन या.

आकार लंबगोल हवा, म्हणजे अंड्याच्या छेदासारखा, उभा जास्त आणि आडवा कमी. अगदी गोल मूठ हातात फिरते आणि पातं तिरकं लागतं. मूठ लंबगोल असली की धार कुठल्या दिशेला आहे हे न बघता हाताला कळतं. उसाच्या बुडाशी वाकून, पाचटात हात घालून तोडताना डोळा दर वेळी पात्यावर नसतो. साखर उसाच्या बुडख्यात जास्त असते म्हणून घाव जमिनीलगत घालायचा असतो, आणि तिथं पातं थोडं जरी फिरलं तरी ते मातीत किंवा दगडावर जातं.

मुठीवर चार बोटांसाठी चार खाचा पाडलेल्या असतात, त्या दिसायला छान दिसतात. मला त्या पटत नाहीत. ज्या हातासाठी खाचा पाडल्या तो हात आपला नसतो. बोट खाचेत न बसता दोन खाचांमधल्या उंचवट्यावर बसलं की दिवसभर तिथंच घासतं. शिवाय काम बदललं की आपण पकडही पुढे-मागे करतो, आणि खाचा ते करू देत नाहीत. साधी, मधे किंचित फुगीर मूठ सगळ्या हातांना चालते.

लाकडाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागात चांगलं लाकूड आहे आणि फसवणूकही लाकडातच होते. घाव घालायच्या अवजाराला नुसतं कठीण लाकूड पुरत नाही. ते धक्का सोसणारं हवं, म्हणजे थोडं लवणारं, चिवट. या बाबतीत धामण अव्वल: कुऱ्हाडीचे दांडे आणि धनुष्यं यांसाठी ती जुनी नावाजलेली. धावडाही फार चिवट, पण वाळताना तो पिळवटतो आणि तडकतो, म्हणून नीट वाळलेलाच घ्यावा. तिवस टिकाऊ आणि मजबूत, औत-अवजारांना चालत आलेला. आणि बाभूळ. बाभूळ जड असते, पण बहुतेकांच्या बांधावर सहज मिळते आणि कोयत्याच्या मुठीला पुरून उरते. माझं मत विचाराल तर वाळलेल्या बाभळीच्या पुढे जाऊन पैसे खर्च करायची गरज नाही.

साग सगळ्यांना हवा असतो. सागाचा गुण असा की तो वाळल्यावर फारसा फुगत-आकसत नाही आणि अंगच्या तेलामुळे पाण्याला टिकतो. पण धक्का सोसण्यात तो बाभूळ-धामणीच्या मागे आहे, जोराच्या माऱ्यात चिरतो. म्हणून सुरीला, विळ्याला साग उत्तम, कोयत्याला दुय्यम. शिसव जड, दाट आणि देखणी, पण महाग, सुरीला शोभते. सावर, पांगारा, आंबा यांची लाकडं मुठीसाठी मऊ पडतात, पात्याचं बूड त्यात लवकर ढिलं होतं. बांबू घ्यायचा तर मानवेल घ्या, तो आतून जवळजवळ भरीव असतो. पोकळ बांबू पाचर ठोकली की उभा फाटतो.

झाड तोडायची गोष्ट निघाली तर एक सांगून ठेवतो. साग, तिवस यांसारखी झाडं आपल्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते, 1964 च्या वृक्षतोड कायद्यात त्यांची यादीच आहे. जंगलातून तोडून आणणं तर नकोच. एका मुठीला वीतभर लाकूड लागतं, ते सुताराकडच्या तुकड्यांत मिळतं.

लाकूड ओलं की वाळलं हे कसं ओळखावं? ओलं लाकूड हाताला थंड आणि आकारापेक्षा जड लागतं, ठोकलं तर आवाज दबका येतो. ओल्या लाकडाची मूठ पावसाळ्यात घट्ट वाटते. मग हिवाळ्याची कोरडी हवा सुरू झाली की लाकूड आकसतं आणि डिसेंबरात, ऐन हंगामात, पातं खुळखुळायला लागतं. घरी मूठ करायची असेल तर ओंडका उभा चिरून सावलीत काही महिने ठेवा आणि दोन्ही टोकांना शेण किंवा रंग लिंपा. लाकडातलं पाणी टोकांकडून झपाट्यानं जातं आणि तडे तिथूनच सुरू होतात, ते यानं थांबतात. फांदी अख्खी वापरू नका. तिच्या मधोमध गाभ्याची नळी असते आणि वाळताना तडा त्या नळीपासून बाहेर येतो.

आता रेषा बघा. लाकडाच्या अंगावर ज्या उभ्या रेषा दिसतात त्या मुठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मधेच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर मूठ नेमकी तिथं मोडणार. गाठ असेल तर ती मूठ ठेवून द्या, गाठ कितीही सुंदर दिसो. गडद रंग फासलेली, चकचकीत व्हार्निश मारलेली मूठ मी तर संशयानंच बघतो. त्याखाली रेषा दिसत नाहीत, आणि घामानं ओला झालेला हात व्हार्निशवर घसरतोही.

लाकडाखेरीज इतर मुठी झटपट पाहू. लोखंडी पाइप जोडलेला कोयता स्वस्त आणि न तुटणारा वाटतो. पण दगडावर घाव बसला की झिणझिण्या थेट कोपरापर्यंत जातात. सातपुड्यातल्या थंडीत सकाळी तो हातात धरवत नाही आणि दुपारी उन्हात ठेवला तर चटका देतो. आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. पातं गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं असेल तर ते पोलाद वेल्डिंगच्या जागी ठिसूळ होतं आणि एखाद्या दिवशी जोडाशी तुटून उडतं.

साधं प्लॅस्टिक ओल्या हातात घसरतं आणि वर्ष-दोन वर्षं उन्हात राहिलं की तडकतं. जाड नायलॉनची मूठ बरी. मऊ रबराची मूठ पहिल्या दिवशी सगळ्यात सुखाची वाटते, पण तेल-डिझेलचा हात लागून लागून ती चिकट होते. कैरी किंवा मासे चिरायच्या सुरीला, जिथं रोज धुवायचं आहे, तिथं खडबडीत पृष्ठभागाचं प्लॅस्टिक लाकडापेक्षा सोयीचं, हे मात्र मान्य करावं लागेल. मोबाइलवरच्या भारी सुऱ्यांना ‘मायकार्टा’ची मूठ असते. तो प्रकार म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत भिजवून दाबलेली पाटी. वायरमन ज्याला हायलम म्हणतो ते याच जातीचं. पॉलिश न केलेली असेल तर ओल्या हातातही ती चांगली धरते, पाण्यानं फुगत नाही. पण त्यासाठी चौपट पैसे मोजावेत का, हे आपलं आपण ठरवा.

शिंगाची मूठ जपून घ्यावी. म्हशीचं शिंग चालतं. सांबराच्या शिंगाची मूठ कोणी कौतुकानं दाखवली तर हातही लावू नका. वन्यप्राण्याचं शिंग बाळगणं आणि विकणं कायद्यात बसत नाही.

बरेच अपघात होतात ते मूठ आणि पातं यांच्या जोडात, म्हणून इथं घाई नको. पात्याच्या मागे एक निमुळता भाग असतो, तो मुठीच्या आत शिरतो. सोयीसाठी त्याला शेपूट म्हणू. लोहार मुठीला आधी बारीक छिद्र पाडतो, शेपूट तांबडी होईस्तोवर तापवतो आणि ती छिद्रात दाबतो. चर्र आवाज येतो, धूर निघतो, शेपूट स्वतःची जागा जाळून घेते. जाणता लोहार या वेळी पात्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवतो, नाहीतर उष्णता पात्यात चढते आणि धारेचं पाणी उतरतं. जागा गरजेपेक्षा जास्त जळली तर शेपूट जळलेल्या कोळशावरच टेकते. तो कोळसा महिन्याभरात भुगा होतो आणि पातं हलायला लागतं.

म्हणून विचारा: शेपूट किती आत गेली आहे? मुठीच्या निम्म्याहून कमी असेल तर कोयत्यासाठी ती नको. सगळ्यात भरवशाची रीत अशी की शेपूट मुठीतून आरपार काढून मागे वाकवलेली किंवा ठोकून चपटी केलेली असते. मूठ उलटी करा, मागच्या टोकाला लोखंड दिसलं तर समाधान माना. पुढच्या तोंडाला लोखंडी किंवा पितळी कडं, म्हणजे शेंबी, हवी. घावाचा सगळा ताण त्या तोंडावर येतो आणि कडं नसेल तर लाकूड तिथून फाटतं. कडं बोटानं फिरवून बघा. फिरलं तर ते फक्त दिसायला आहे.

दुसरा प्रकार सुऱ्यांत असतो. पातंच मुठीच्या आकाराचं मागेपर्यंत येतं आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या दोन पट्ट्या रिबिटानं बसवतात. हा जोड मजबूत. फक्त पट्टी आणि लोखंड यांत नख शिरेल एवढी फट नको. तिथं रस आणि रक्त साठतं, आतून गंज चढतो. रिबिटाची डोकी लाकडाशी सपाट हवीत. तिसऱ्या प्रकारात पात्याच्या मागे लोखंडाची नळी असते आणि लाकूड तिच्यात ठोकून खिळा मारतात. हा खिळा लाकडाच्या मधोमध सरळ ठोकला की तिथूनच चीर सुरू होते. आधी बारीक छिद्र पाडून मगच खिळा घातला आहे का, ते विचारून घ्या.

आता दुकानातच चाचणी घ्या. पातं खाली धरून मुठीवर मनगटाजवळ दुसऱ्या हाताची थाप मारा, खुळखुळ ऐकू आली की परत ठेवा. बाजूला कोणी नाही हे पाहून कोयता हळू फिरवा. तोल पात्याच्या बाजूला जाणारच, पण मनगट ओढलं जाऊ नये. मग तळहाताला थोडं पाणी लावून पुन्हा धरा. दुकानदार हसेल, हसू द्या. कोरड्या हातात सगळ्याच मुठी चांगल्या वाटतात.

मनासारखं पातं मिळालं आणि मूठ पटली नाही, तर पातं सोडू नका. बिनमुठीचं पातं मागा आणि मूठ आपल्या मापाची करून घ्या. पात्याच्या मानानं मुठीचा खर्च किरकोळ असतो.

नवीन मूठ घरी आणल्यावर कडा हाताला लागतील. तिथं कानस, मग पॉलिश पेपर फिरवा, पण अगदी गुळगुळीत करू नका. त्यावर जवसाचं तेल फडक्यानं पातळ चोळा, नीट वाळू द्या, आणि असं दोन-तीनदा करा. जवसाचं तेल वाळून लाकडात बसतं. शेंगदाण्याचं किंवा एरंडेल लावलं तर ते वाळत नाही, मूठ चिकट राहते आणि तिच्यावर धूळ बसते. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते मोकळं पसरून वाळवा.

मूठ ढिली झाली की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे कोयता रात्रभर पाण्यात टाकणं. सकाळी मूठ घट्ट लागते खरी. पण लाकूड फुगताना शेपटीवर दाबलं जातं, त्याचे धागे चेपतात, आणि वाळल्यावर मूठ आधीपेक्षा ढिली होते. शिवाय शेपटीला आतून गंज चढतो. त्याऐवजी पातं काढा, छिद्रातला कोळसा खरवडून टाका, वाळलेल्या लाकडाची पातळ पाचर घालून शेपूट पुन्हा ठोका. लाख वितळवून छिद्रात ओतली तर जोड अधिक पक्का बसतो आणि पाणीही आत जात नाही.

मूठ बारीक पडत असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळणं हा सोपा उपाय आहे. चिंधी गुंडाळू नका, ती घाम शोषते आणि हातात सरकते. तडा गेलेल्या मुठीला मात्र तार गुंडाळून काम चालवू नये. तारेचं टोक तळव्यात घुसतं आणि तडा तसाच वाढत राहतो. ती मूठ चुलीत घालावी. आणि हात कापलाच तर जखम धुऊन दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं, माती लागलेल्या पात्याच्या जखमेत ते टाळू नये.

शेवटी ने-आण. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला परवान्याची अट आहे, पण घरकामाची आणि शेतीची म्हणून घडवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. कोयता शेतीचं अवजार आहे. तरी तो उघडा घेऊन बसमध्ये किंवा शहरात फिरू नये. पुण्यातल्या कोयत्याच्या हाणामाऱ्यांच्या बातम्यांपासून पोलिसांची नजर कडक झाली आहे, आणि जमावबंदीच्या काळात शस्त्रबंदीचे आदेशही निघतात. तोडीला जाताना सगळे कोयते धारेला पाचट किंवा जुना पाइप लावून गोणपाटात एकत्र बांधा आणि टेम्पोत सामानाच्या तळाशी ठेवा, लेकरं बसतात त्या बाजूला नको. मुठी एकाच दिशेला ठेवून बांधलं तर गाठोडं सोडताना हात आधी लाकडावर पडतो.